रोजे सोडायला विसरलेला संगणक

बैरूतच्या उत्तरेला असलेल्या मीना बंदरात बहीज संकरीला तोंडावर सगळे मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, बहीज म्हणत आणि पाठीमागे जोडीवाला बहीज. कारण या गृहस्थाकडे कुठलीही वस्तू एकटी नसायची. चष्मे दोन, किल्ल्यांचे जुडगे दोन, गॅसचं एक सिलिंडर चुलीपाशी आणि एक जिन्याखाली. साखर आणायला गेला तरी दोन पुडे आणायचा, एक वापरायला आणि एक ‘असू दे’ म्हणून. हे ‘असू दे’ त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं की त्याची थोरली बहीण इक्बाल म्हणायची, “बरं झालं लग्न केलं नाहीस. बायकासुद्धा दोन आणल्या असत्यास, एक असू दे म्हणून.”

हसणाऱ्यांना हसू दे, पण ही खोड त्याला उगाच लागली नव्हती. त्याचा बाप टंकयंत्रं दुरुस्त करायचा. युद्धाच्या दिवसांत एका दुपारी दुकान जळलं आणि अवजारांची एकुलती एक पेटी आत राहिली. पुढे बापाने नवी अवजारं घेतली, पण हात पूर्वीसारखा चालला नाही. बहीज तेव्हा शाळेत होता. त्या पेटीची जोडी असती तर बाप असा खचला नसता, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं ते बसलंच. मोठा झाल्यावर टंकयंत्रं संपली आणि संगणक आले, तेव्हा ज्या मशीनमध्ये प्रत्येक गोष्टीची नक्कल ठेवता येते ते मशीन त्याला आवडलं नसतं तरच नवल.

इक्बालचं सगळं आयुष्य गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं. आपोआप फोन लागायचे दिवस यायच्या आधी मीनात कुणालाही कुणाशी बोलायचं तर आधी इक्बालशी बोलावं लागे. गावाने तिला पाहिलं कमी आणि ऐकलं जास्त. आवाज जाडसर, जरा खरखरीत, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर जाणारा, म्हणजे ती साधं सांगायला लागली तरी उलटतपासणी घेते आहे असं वाटायचं. निवृत्तीनंतर ती गच्चीवरून मासळीवाल्याशी भाव करायची आणि खालची सगळी गल्ली हातातलं काम टाकून ऐकत बसायची. भाऊबहीण एकत्र राहायचे, दिवसातून दहा वेळा भांडायचे, आणि एकमेकांवाचून त्यांचं पान हलायचं नाही.

बहीज आठवड्यातले काही दिवस एका वाचाकेंद्रात काम करायचा. जुन्या बंदरामागे पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, दानावर चालणारं छोटं केंद्र. हकीमा राविया नाबुल्सी तिथे प्रमुख. अर्धांगवायू झालेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणं हे त्यांचं मुख्य काम. दुसरं काम जास्त नाजूक होतं. ज्यांचा आवाज आजाराने जाणार हे नक्की झालंय, त्यांची वाक्यं आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवायची. मग बैरूतचा एक तंत्रज्ञ त्या वाक्यांवरून एक पाटी तयार करतो. माणूस तीवर बोटाने शब्द निवडतो आणि पाटी त्याच्याच आवाजात बोलते. ही मुद्रणं एका संगणकात असायची, आणि रोज रात्री त्यांची नक्कल शेजारच्या वेगळ्या डिस्कवर आपोआप निघायची. ही नक्कल काढायचं काम बहीजकडे होतं. जगात एखाद्या माणसाला त्याच्या स्वभावाजोगं काम मिळालं असेल तर ते याला.

हिवाळ्यात या कामाने त्याला छळछळ छळलं होतं. नक्कल पहाटे दोनला निघावी असं केंद्र उघडताना कुणीतरी शहाण्याने ठरवलं होतं. चोवीस तास वीज असलेल्या मुलखातून आला असावा. आमच्याकडे पहाटे दोनला वीज असलीच तर आभाळात असते, तीही पाऊस असेल तेव्हा. गल्लीचा जनरेटर अबू जिर्जीचा, आणि रात्री बाराच्या ठोक्याला अबू जिर्जी खटका खाली ओढतो. बहीजने कामाची वेळ अकरावर आणली. अकरा ते बारा तासभर हातात, तेवढ्यात नक्कल निघते. मग संगणक मध्येच झोपतो म्हणून काम अडलं, मग परवलीचा शब्द बदलला म्हणून अडलं, मग बाहेरची डिस्क दुसऱ्या नावाने दिसायला लागली म्हणून अडलं. एकेक कारण त्याने उवा वेचाव्यात तसं वेचून काढलं. सगळ्यात शेवटी त्याने एक अट घातली: संगणक बॅटरीवर चालू असेल तर नक्कल सुरूच करायची नाही. अर्ध्यात बॅटरी संपली तर नक्कलही जाते आणि मूळही बिघडतं. अट रास्त होती. फेब्रुवारीत काम रुळावर आलं. कामाच्या दिवशी सकाळी बहीज केंद्रात कॉफीचं भांडं चुलीवर ठेवायचा, ती वर येईपर्यंत रात्रीची नोंद उघडायचा आणि ‘पूर्ण’ हा शब्द दिसला की पहिला घोट घ्यायचा.

मार्चच्या अखेरीस घड्याळं एक तास पुढे करायची असतात. त्या वर्षी नेमका रमजान सुरू झाला होता, आणि रोजा संध्याकाळी तासभर आधी सुटावा म्हणून सरकारने आयत्या वेळी जाहीर केलं की रमजान संपेपर्यंत घड्याळं आहेत तिथेच राहतील. अर्ध्या देशाने ऐकलं, अर्ध्याने कानाडोळा केला, आणि मोबाईलनी कुणालाच न विचारता आपापलं ठरवलं. एका गल्लीत दोन वेळा नांदायला लागल्या. भेट ठरवताना लोक विचारायचे, “दहा म्हणजे तुमचे की त्यांचे?” केंद्राने सरकारची वेळ पाळायचं ठरवलं, म्हणून बहीजने संगणकाचं घड्याळ आपोआप पुढे जायचं बंद केलं आणि हाताने मागे आणून ठेवलं. चार दिवस गेले नाहीत तोच सरकारने शब्द फिरवला. सगळा देश एक तास पुढे गेला. केंद्रातला संगणक तेवढा मागे राहिला.

कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. दुसऱ्याच दिवशी हकीमा राविया म्हणाल्या, “मुअल्लिम बहीज, तुमचा संगणक अजून रोजे धरून बसलाय.”

“ईद झाली की सोडेल,” बहीज म्हणाला.

हा विनोद केंद्रात चांगलाच रुळला. येणारे रुग्ण हात वळवून पडद्याच्या कोपऱ्याकडे दाखवायचे आणि म्हणायचे, बिचारा, पाणी तरी द्या त्याला. आमच्या गावात बरोबर घड्याळ शोधून सापडत नाही. माणसं मनातल्या मनात कमीजास्त करून घेतात आणि पुढे जातात. जो तो संगणकाच्या वेळेत एक तास मिळवायचा आणि विषय संपायचा. विनोद चालू ठेवायचा म्हणून घड्याळ तसंच राहिलं. आणि रमजानात सकाळची कॉफी बंद. कॉफी बंद म्हणून तिला बांधलेली नोंद पाहण्याची सवयही बंद. या दोन गोष्टी एकाच महिन्यात झाल्या, आणि त्याच महिन्यात इक्बालच्या घशाचा अहवाल आला.

डॉक्टरांनी सांगितलं, आधी किरणं देऊन पाहू, नाही जमलं तर स्वरयंत्र काढावं लागेल. किरणांनीही आवाज उतरतोच, तेव्हा जे काय बोलून ठेवायचं ते आत्ताच. बहीज तिला हाताला धरून केंद्रात घेऊन गेला. तिने खुर्चीत बसून आधी सगळ्या खोलीवर नजर फिरवली आणि मग समोरचं पहिलं वाक्य वाचलं, “कृपया मला पाणी द्यावे.”

थांबली. म्हणाली, “हे असं कोण बोलतं? मी म्हणते, पाणी आण रे.”

“सित् इक्बाल, आधी पुस्तकातली वाक्यं, मग तुमची,” हकीमा राविया म्हणाल्या. सित् म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब.

“पुस्तकातलं कबरीत बोलेन. तिथे फरिश्ते प्रश्न विचारायला येतात, त्यांच्याशी शुद्ध बोलावं लागतं. इथे माझं मला बोलू दे, मुली.”

हकीमा हसल्या आणि यंत्र पुन्हा चालू केलं. इक्बालने तोंड उघडलं, आणि संगणकातून ‘टिंग’ असा आवाज आला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा टिंग. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी चौकट होती: रात्रीची नक्कल निघाली नाही. हिवाळ्यात अशा चौकटी बहीजने ढिगाने पाहिल्या होत्या, नक्कल निघालेली असूनही येणाऱ्या.

“बहीज, तुझ्या त्या पेटीचं तोंड बंद कर,” इक्बाल म्हणाली. “एका खोलीत दोन बडबडे नकोत.”

“खरंच, मुद्रणात आवाज जातोय,” हकीमा म्हणाल्या.

बहीजने सगळ्या सूचना बंद केल्या. संध्याकाळी बघतो, म्हणाला. संध्याकाळी इक्बालच्या घशात कळ आली, तो तिला घरी घेऊन गेला, तिच्यासाठी मसूरची आमटी गाळून पातळ केली, आणि बघायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी टिंग झालं नाही. माणसाचं मन कसं असतं पाहा: आवाज बंद त्याने स्वतःच्या हाताने केला, पण आवाज येत नाही म्हणजे सगळं ठीक चाललंय असं तेच मन त्याला सांगायला लागलं. ईद झाल्यावर कॉफी परत आली, तोवर नोंद उघडायची सवय मोडली होती. सकाळी मशीन चालू केलं की बाहेरच्या डिस्कचा हिरवा दिवा लुकलुकायचा. तो दिवा कुठल्याही सकाळी लुकलुकतोच. बहीजला तेवढं पुरायला लागलं.

इक्बाल कितीतरी आठवडे बोलली. पुस्तकातली वाक्यं तिने कशीबशी उरकली, आणि मग जी सुटली ती सुटली. स्वीडनमध्ये असलेल्या भाच्यांची एकेकाची नावं, लाडाची वेगळी आणि रागाची वेगळी. मासळीवाल्याला द्यायचे टोमणे. दारावर आलेल्या नको त्या पाहुण्याला घालवायची गोड वाक्यं. एक ते शंभर आकडे, एक्स्चेंजमध्ये म्हणायची तसे ठसक्यात. बहीजवर ओरडायचं एक अख्खं भांडार. “हसणं पण घ्या,” ती म्हणाली, “नाहीतर विनोद ऐकून मी मख्खासारखी बसलेली दिसेन.” मग ती तीन तऱ्हांनी हसली: मनापासूनचं, शेजारणीसाठीचं आणि सरकारी साहेबासाठीचं. तिसरं ऐकून हकीमांना हसू आवरेना, आणि ते मुद्रण पुन्हा घ्यावं लागलं.

निघताना एकदा ती म्हणाली, “मला एक नक्कल पेनड्राइव्हवर दे ना. घरी ठेवते, कपाटात.”

“पेनड्राइव्ह इथे लावू देत नाही मी कुणाला. व्हायरस येतात,” बहीज म्हणाला. “आणि कशाला हवी? तुझा आवाज दोन ठिकाणी आहे. एक इथे आणि एक त्या डब्यात.”

“तूच सांगतोस म्हणून,” इक्बाल म्हणाली.

किरणांनी काम भागलं नाही. ऑगस्टमध्ये स्वरयंत्र काढलं. इस्पितळाने गळ्याशी धरायचं एक गुणगुणणारं यंत्र दिलं, त्यातून शब्द येतात पण सगळ्यांचे सारखेच येतात. इक्बालने ते एकदा गळ्याला लावलं, आपला तो आवाज ऐकला, आणि यंत्र गुंडाळून ठेवलं. ती थांबायला तयार होती. पाट्यांची यादी लांब होती आणि तिची पाळी ऑक्टोबरात होती. गच्चीत उभी राहिली की खालून मासळीवाला विचारायचा, “कधी, सित् इक्बाल?” आणि ती बोटांनी दाखवायची, थोडंच राहिलं. वर तोंडाने एक शिवी हासडायची, बिनआवाजाची. मासळीवाल्याला ती कळायची.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वीज दिवसभर येत-जात राहिली, आणि त्या धक्क्यांत केंद्राच्या संगणकाची डिस्क गेली. आतून टक टक असा आवाज यायला लागला आणि पडदा काळा झाला. हकीमा राविया घाबरल्या. बहीज मात्र शांत होता. खरं तर थोडा खूशच होता, आयुष्यभर ज्या दिवसासाठी तो सगळं दोन-दोन ठेवत आला तो दिवस आला होता. “काही काळजी करू नका, हकीमा. कॉफी प्या,” तो म्हणाला. फडताळातून नवी डिस्क काढून त्याने बसवली आणि नकलांची डिस्क जोडून उघडली. आतली शेवटची नक्कल मार्चची होती.

त्याला वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी पाहतोय. त्याने दुसरीकडे पाहिलं. तारखांच्या क्रमाने लावून पाहिलं, उलट्या क्रमाने लावून पाहिलं. मग त्याच डिस्कवर ठेवलेली कामाची नोंद उघडली. एकाखाली एक, रोजची एक ओळ, सगळ्या ओळी सारख्या: काम सुरू केले नाही, संगणक बॅटरीवर आहे. वेळ, रात्रीचे अकरा.

अकराला बॅटरीवर कसा असेल? अकराला अबू जिर्जीचा जनरेटर धडधडत असतो. बहीज त्या ओळीकडे बघत बसला, आणि मग त्याला कळलं. अकरा त्या संगणकाचे होते. गल्लीत तेव्हा बारा वाजलेले असायचे. बाराला अबू जिर्जी खटका ओढायचा, संगणक बॅटरीवर जायचा, त्याच क्षणी नकलेची वेळ व्हायची, आणि बहीजने घातलेली अट बहीजचंच काम अडवायची. रोज. कोणी बिघाड केला नव्हता, कुठला भाग खराब झाला नव्हता. सगळं सांगितल्याबरहुकूम चाललं होतं. याच महिन्याच्या अखेरीस घड्याळं पुन्हा मागे येणार होती, तेव्हा संगणकाची आणि गल्लीची वेळ आपोआप जुळली असती आणि नक्कल निघाली असती. डिस्कने तेवढंही थांबायचं नाकारलं.

“आवाज बंद करायला मीही सांगितलं होतं,” हकीमा राविया म्हणाल्या.

“सांगितलं तुम्ही दोघींनी. केलं मी,” बहीज म्हणाला.

तो मेलेली डिस्क रुमालात गुंडाळून बैरूतला गेला. अशा डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या दोन दुकानांत गेला, इथेही दोन. पहिल्याने उघडून आतल्या तबकडीवरचा ओरखडा दाखवला. दुसऱ्याने तोच ओरखडा पाहिला आणि काखा वर केल्या. मग पाटी बनवणाऱ्या तंत्रज्ञाने विचारलं, घरात तिचे मोबाईलवरचे ध्वनिसंदेश असतील ना? सगळ्यांच्या घरात असतात. इक्बालचे नव्हते. समोर माणूस नसताना बोलायचं म्हणजे वेड्याचं काम, असं तिचं मत. ती फोन करायची, पलीकडचा ‘हॅलो’ म्हणाल्यावरच बोलायची. बहीजने भाच्यांना निरोप पाठवले. एका भाचीच्या फोनमध्ये एक संदेश सापडला. जनरेटरच्या धडधडीत इक्बाल म्हणत होती, “हे मला जमत नाही गं, तूच फोन कर.” तंत्रज्ञाने तो ऐकला आणि म्हणाला, एवढ्यातून काही होणार नाही. हवं असेल तर दुसऱ्या कुणा बाईचा तयार आवाज घालून देतो, छान आवाज आहेत. बहीज नकाराची मान हलवून बाहेर आला आणि बसमध्ये बसल्यावर त्याला पहिल्यांदा रडू आलं. शेजारच्या माणसाने न विचारता खिडकी उघडून दिली.

घरी आला तेव्हा इक्बाल गच्चीत बसून हिरवे ऑलिव्ह दगडाने ठेचत होती, लोणच्यासाठी. तो तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसला आणि त्याने सांगून टाकलं. घड्याळाचं, बाराचं, बॅटरीचं, कॉफीचं, सगळं. ती ऐकताना दगड मारत होती. मध्येच थांबली. तिचे ओठ हलले: सगळं?

“सगळं.”

हसणं पण?

बहीजने होकाराची मान हलवली.

ओरडायला काही शिल्लक असतं तर ती ओरडली असती, आणि बहीजला ते हवं होतं. भांडं फेकलं असतं तरी चाललं असतं. तिने फक्त ओल्या हाताने त्याच्या गुडघ्यावरचा बसचा धुरळा झटकला, आणि ओठ हलवले: दिवसभर उपाशी असशील, ऊठ, हात धू.

ऑगस्टपासून रोज तिचे ओठ असे हलायचे, आणि त्याला कधी त्रास पडला नव्हता. ओठ हलले की त्याच्या डोक्यात तिचा आवाज आपोआप लागायचा, जाडसर, खरखरीत, शेवटी वर जाणारा. इतका आपोआप की तो लागतो हे त्याला आजवर कळलंही नव्हतं. आज शब्द दिसले. नुसतेच दिसले.

“पुन्हा म्हण,” तो म्हणाला.

तिने पुन्हा म्हटलं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, डोळे मिटून पाहिले, उघडले.

“पुन्हा एकदा.”

त्याला कळलं नाही असं तिला वाटलं. तिने दगड बाजूला ठेवला, त्याच्याकडे वाकली, आणि लहान मुलाला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून, सावकाश पुन्हा म्हटलं.